लिलीच्या कुंड्यांपुढचा नाका

तात्यांच्या घरी चहाला जायचं तर आधी बांबू वर व्हावा लागतो. अंगणाच्या तोंडाशी दोन खांब, त्यांवर आडवा बांबू, बांबूला दोरी आणि दोरीचं टोक पडवीत आरामखुर्चीवर बसलेल्या तात्यांच्या हातात. "थांब. खंयसून इलंस? माल काय?" याची उत्तरं मिळेपर्यंत बांबू हलत नाही. मी एकदा दोन पडवळं घेऊन गेलो, तर त्यांनी पिशवीत हात घालून खात्री करून घेतली. "दोनच? बरां. सोड." इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर अख्खी नोकरी काढलेला माणूस. निवृत्त होऊन आरोंद्याला घरी आला, तो नाका बरोबर घेऊनच.

अशा माणसाच्या डोळ्यांदेखत यंदा पडवीतल्या लिलीच्या बारा कुंड्यांवर चिलटं आली, तीही कुणाला न विचारता. तात्यांना हा अपमान वाटला. "ह्यांका पास कोणी दिल्यान?" असं म्हणत त्यांनी मोहीम उघडली. आधी नारळाच्या सोडणांचा धूर केला. चिलटं जागेवर राहिली, तात्या खोकत अंगणात आले. मग विजेची बॅट आणली, पण चिलटं इतकी बारीक की तारांमधून आरामात ये-जा करायची. मग पिवळ्या कागदांना एरंडेल फासून ते कुंड्यांत उभे केले. त्यातला एक तात्यांच्या बनियनला चिकटून देवळापर्यंत जाऊन आला.

माझी आंब्याच्या कलमांची नर्सरी आहे, तेव्हा असल्या बाबतीत मला शहाणपणा करायचा हक्क आहे. मी कुंडीत बोट घातलं. माती चिकचिकीत आणि बांगड्याचा वास.

"तात्या, मासळी धुतलेलं पाणी घालता यात?"

"मी खंय घालतंय? वयनी घालता."

वयनी म्हणजे थोरल्या भावाची, दादांची बायको. आम्ही तिला माई म्हणतो. घरं एका दगडी गडग्याच्या अलीकडे-पलीकडे, पण भावाभावांत बोलणं नाही. ज्या फणसाच्या वाटणीवरून बिनसलं तो फणस कधीच पडला, अबोला अजून उभा आहे. माईने मात्र हे भांडण मनावर घेतलं नाही. ती रोज सकाळी मासे धुतलेल्या पाण्याची बालदी घेऊन यायची, लिलीला घालायची आणि घालता घालता दादांचे गुडघे, दादांची भूक असं काहीबाही बोलायची. तात्या पेपरातून मान वर करायचे नाहीत.

मी समजावून सांगितलं. हे पाणी माडाला घालावं. कुंडीत ते कुजतं, चिलटं तिथेच अंडी घालतात आणि अळ्या मुळं खातात. असंच चाललं तर सगळे कंद जातील. पाणी बंद करा.

"बघूया," तात्या म्हणाले आणि पुन्हा बॅट फिरवायला लागले.

आठवडा गेला तरी माती ओलीच. शेवटी वैतागून मीच माईला जाऊन सांगितलं. ती बिचारी ओशाळली. "माका म्हायतीच नाय रे. उद्यापासून घालूचंय नाय."

कुंड्या वाळल्या, दोन-तीन आठवड्यांत चिलटं गेली. मी शाबासकी घ्यायला ऐटीत निघालो. बांबू वर होता. कुणी काही विचारलं नाही. तात्या खुर्चीत बसले होते आणि दोरी जमिनीवर पडली होती.

"गेली ना चिलटं?"

"गेली." मग पडलेल्या दोरीकडे बघत म्हणाले, "दादाच्या गुडघ्याचा काय झाला, काय कळाक नाय. वयनी येवकच नाय."

मी कुंडीतली कोरडी माती बोटाने उकरत राहिलो.

"पाणी खंयसून येता, चिल्टां खंयसून येतत, माका कळत नाय होता? जलम नाक्यार गेलो माझो. पण पेशंटाक घेवन गाडी इली, तर आम्ही कधी कागद मागूक नाय. बांबू वर."

माझी मलाच लाज वाटली. मी म्हटलं, "तात्या, लिलीला नको, पण तुमच्या माडाला चालेल की ते पाणी. मी सांगतो माईला."

"तू नुको," असं म्हणून तात्या उठले आणि गडग्यापाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी वयनीला हाक मारली. माई बाजारात गेली असावी, कारण आतून दादांचा आवाज आला.

"कोण तो?"

जन्मभर दुसऱ्यांना हे विचारणाऱ्या माणसाला उत्तर द्यायला वेळ लागला.

"मी. बाबलो." त्यांनी गडग्यावर हात टेकले. "वयनीक सांग, माझ्या माडाक पाणी होया."

पलीकडे खाट करकरली. मग, "बरां. सांगतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नर्सरीत जाताना पाहिलं. माई यायला अजून अवकाश होता, पण बांबू वर होता आणि दोरी खांबाला पक्की बांधून ठेवलेली होती.