लेलँडच्या दहा बोटांचे ठसे

दुपारच्या झोपेतून लेलँड वाइगेल जागा झाला तेव्हा त्याच्या दहाही बोटांची टोकं काळी झाली होती.

त्यानं हात उलटेपालटे करून पाहिले. जेवण करून तो खिडकीजवळच्या खुर्चीत पाय लांबवून पडला होता, तेव्हा हात स्वच्छ होते. बाहेर धुकं असं उतरलं होतं की अंगणापलीकडचा गोठाही दिसत नव्हता. स्वयंपाकघरात त्याची बायको अर्डिस काहीतरी गुणगुणत होती. चर्चमधलंच गाणं होतं, पण अंत्यविधीला म्हणतात ते.

"अर्डिस, माझ्या बोटांना काय झालंय?"

"पेपर वाचलास ना, त्याची शाई असेल."

"पेपर आज आलाच नाही."

"मग कालची असेल," असं म्हणून तिनं सुपाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि विषयावरही.

लेलँडनं कोपरापर्यंत हात धुतले. शाई निघाली, पण मनात काहीतरी चिकटून राहिलं.

तसा माणूस भित्रा नव्हता. आमच्या नॉर्थ डकोटात भित्र्या माणसानं गुरं पाळूच नयेत. गाई विण्याचे दिवस आले की कोयोट, म्हणजे आमच्याकडचे छोटे लांडगे, कुंपणापाशी येऊन बसतात आणि वासरू जमिनीवर पडायची वाट बघतात. लेलँड जन्मभर त्यांच्यावर बंदूक झाडत आला. कानात बोळे घाल, असं अर्डिस सांगायची; पण बोळे घातले तर अडलेल्या गाईचं हंबरणं ऐकू येणार कसं, असं तो म्हणायचा. परिणाम व्हायचा तोच झाला. डावा कान गेला आणि उजव्यात अष्टौप्रहर शिट्टी वाजू लागली. लोक बोलत त्यातलं अर्धंच त्याच्यापर्यंत पोचे. उरलेलं अर्धं तो स्वतःच्या मनानं भरून घेई, आणि धुक्याच्या दिवसांत मन काही फार चांगलं भरत नाही.

दोन-चार दिवसांनी अर्डिसनं त्याला दिवाणखान्यातल्या पांढऱ्या भिंतीपुढे उभं केलं.

"टोपी काढ. सरळ बघ. हसू नकोस."

"मी कधी हसतो? पण फोटो कशाला?"

"असू दे एखादा. इतक्या वर्षांत तुझा एकट्याचा धड फोटो नाही."

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो एकाच कारणासाठी लागतो. तो गावच्या साप्ताहिकात छापून येतो, खाली दोन तारखा असतात. अर्डिसनं फोटो न्याहाळला, मान डोलावली आणि म्हणाली, "छान. अगदी हलला नाहीस."

त्याच आठवड्यात दाणावैरण आणायला तो गावात गेला, तर अर्डिसचा ट्रक डेलबर्ट शाट्झच्या दारात उभा. आता हे डेलबर्टचं दुकान म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या काउंटीत माणसं इतकी थोडी की एका धंद्यावर कुणाचं भागत नाही. डेलबर्ट पुढच्या दालनात शवपेट्या विकतो आणि मागच्या खोलीत बंदुका. दोन्हीकडे त्याचा आवाज सारखाच मऊ असतो. एखादा गेला की डेलबर्ट त्याच्या अंगठ्याचा ठसा घेतो आणि तो चांदीच्या पदकावर उमटवून विधवेला देतो. बायकांना ते फार आवडतं.

लेलँडला ती पदकं आठवली आणि त्यानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

घरी आल्यावर त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुठे गेली होतीस?"

"किराणा आणायला."

"मग किराणा कुठंय?"

"विसरले," अर्डिस म्हणाली. लग्न झाल्यापासून ती कधी काही विसरली नव्हती.

संध्याकाळी ती फोनवर कुजबुजत होती. लेलँडनं उजवा कान भिंतीला लावला. शिट्टीच्या आडून शब्द येत होते, तुकड्यातुकड्यांनी. "सायलेन्सर... करडाच बरा, त्याला करडा आवडतो... नाही रे डेलबर्ट, त्याला कशाला सांगू!... आणि तो गेला तर? मग माझ्याकडेच राहतं ना?... ठसे पुसट आलेत? बरं, पुन्हा घेते. झोपू दे त्याला."

लेलँड भिंतीपासून बाजूला झाला. सायलेन्सर म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं. बंदुकीच्या तोंडावर बसवतात, आवाज दबतो. अर्डिसला असली वस्तू कशाला हवी? कोयोटांवर तिनं आयुष्यात कधी बंदूक उचलली नव्हती. घरात दबवण्यासारखं दुसरं होतं तरी कोण?

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तो खुर्चीत पडला, पण झोपला नाही. डोळे मिटून घोरण्याचं सोंग केलं. थोड्या वेळानं पावलं आली. शाईचा वास आला. अर्डिसनं त्याचा उजवा हात उचलला आणि एकेक बोट धरून आधी शाईच्या ओल्या गादीवर, मग कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत हळूहळू फिरवलं. तिची बोटं थंडगार होती. ती गुणगुणत होती, तेच गाणं. लेलँडला ओरडावंसं वाटलं. पण आपण जागे आहोत हे कळलं तर ती काय करील, याचा अंदाज येईना. म्हणून तो मेल्यासारखा पडून राहिला आणि आपण मेल्यासारखे पडून आहोत, हे ध्यानात येऊन आणखीनच घाबरला.

शेवटच्या करंगळीला अर्डिस पुटपुटली, "किती गुणी आहे. असाच राहा हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेरीफच्या कचेरीत हजर झाला. शेरीफ कोरीन म्हणजे त्याच्या जुन्या मित्राची मुलगी. तिनं त्याला पाहिलं मात्र, टेबलावरचा एक कागद पटकन उपडा केला.

"बसा, लेलँड. कॉफी?"

"कोरीन, बाई एखादी... समज, एखादी बाई सायलेन्सर घेतेय. गुपचूप. तर तुला कळतं का?"

कोरीन ओठ चावत होती. लेलँडला ती गंभीर वाटली. खरं तर ती हसू दाबत होती. अर्डिसनं तिला शपथ घातली होती.

"कळतं ना. अर्जाची प्रत मला येते."

"मग तू अडवत का नाहीस?"

"मला नुसतं कळवायचं असतं, लेलँड. होकार-नकार वरून येतो, वॉशिंग्टनहून. आणि हे बघा, सगळं अगदी कायदेशीर चाललंय."

"कायदेशीर!"

"ठसे, फोटो, सगळं. बाई पद्धतशीर आहे." मग तिला राहवलं नाही. "तुम्ही फक्त दुपारी झोपत जा. शांत. काही होत नाही."

लेलँड बाहेर आला तेव्हा रस्त्यावर धुकं होतं आणि त्याला कुणी ओळखीचं दिसेना. सरकारला माहीत आहे, शेरीफला माहीत आहे, डेलबर्टला माहीत आहे. फक्त ज्याचं व्हायचंय त्यानं शांत झोपायचं. मग त्यानं खुर्चीत झोपणं सोडलं. गोठ्यात गाईंच्या मधे बसून डुलक्या घेऊ लागला. रात्रीच्या जेवणाला अर्डिसनं आधी घास घेतल्याशिवाय हा चमचा उचलीना.

"सूप खारट झालंय का?" तिनं विचारलं.

"तू सांग."

"हल्ली तू असा काय बघतोस रे माझ्याकडे? वासरू लांडग्याकडे बघतं तसा?"

अर्डिसनं चमचा खाली ठेवला. तिचा चेहरा पडलेला होता. त्याला तो निर्धाराचा वाटला.

"उद्या तुला माझ्याबरोबर डेलबर्टकडे यायचंय," ती म्हणाली. "मला तुला आणायचं नव्हतं. पण तो म्हणतो, सही तुझीच हवी. मी केली तर मला तुरुंगात टाकतील."

"माझी सही?"

"तुझ्याशिवाय व्हायचंच नाही ते."

सकाळी लेलँडनं चर्चचा कोट घातला. गोठ्यात जाऊन प्रत्येक गाईच्या कपाळाला हात लावला. मग दोघं ट्रकनं निघाली. वाटेत सूर्यफुलांची वाळलेली शेतं धुक्यातून वर यायची आणि पुन्हा बुडायची, मुंडी खाली घातलेल्या माणसांच्या रांगांसारखी.

डेलबर्टच्या दुकानात मागच्या खोलीकडे जायचं तर शवपेट्यांच्या मधूनच वाट आहे. तिथं गालिचा इतका जाड की स्वतःचं पाऊलही ऐकू येत नाही. एका करड्या पेटीचं झाकण उघडं होतं, आत पांढरी रेशमी उशी. लेलँड तिथंच थबकला.

"ये, लेलँड," डेलबर्ट मऊ आवाजात म्हणाला. "बस. घाई नाही. इथे कुणालाच घाई नसते." त्यानं पेन पुढे केलं. "इथे सही, आणि इथे. मग आपण वस्तू थंड खोलीतल्या तिजोरीत ठेवू. वरून मंजुरी आली की नेता येईल."

"कोण नेणार?"

"अर्डिस. नाहीतर तू. जो उरेल तो," डेलबर्ट हसला. धंद्यातला विनोद होता.

लेलँडनं पेन फेकून दिलं. "नाही करणार सही! ऐक अर्डिस, मला मारायचंच असेल तर मार. तू करतेस त्या सुपाखातर मी तेही सहन करीन. पण आवाज करून मार! शेजाऱ्यांना कळू दे तरी, वाइगेल गेला म्हणून!"

खोलीत असा सन्नाटा पसरला की थंड खोलीतल्या यंत्राची घरघर लेलँडलासुद्धा ऐकू आली. डेलबर्टनं नकळत मापाची फीत खिशात सरकवली.

"काय म्हणालास?" अर्डिसनं विचारलं.

"शाई... फोटो... तो गेला तर माझ्याकडेच राहतं ना... सगळं ऐकलंय मी!"

"सगळं नाही, अर्धं ऐकलंयस," अर्डिस म्हणाली. "तुझ्या वाढदिवसाला द्यायचा होता मला तो. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन हंगाम असाच बार उडवत राहिलास तर उजवा कानही जाईल. बोळे तू घालणार नाहीस. म्हटलं, बंदुकीलाच बोळा घालू."

डेलबर्टनं खाकरून खुलासा केला. असली वस्तू बायकोनं घेऊन नवऱ्याच्या हातात ठेवता येत नाही, भेट म्हणूनसुद्धा. म्हणून त्यानंच सुचवलं होतं, दोघांचा मिळून एक ट्रस्ट करा, वस्तू ट्रस्टच्या नावावर घ्या, म्हणजे दोघांपैकी कुणीही वापरावी, आणि एक गेला तर दुसऱ्याकडे राहावी. मात्र त्यासाठी प्रत्येक विश्वस्ताचे ठसे हवेत, फोटो हवा, सही हवी.

"विश्वस्त!" अर्डिस म्हणाली. "याला मी विश्वस्त करत होते! आणि हा तिकडे माझ्या हातचं सूप आधी मला चाखायला लावत होता!"

लेलँडचा चेहरा त्या रेशमी उशीसारखा झाला होता. त्यानं वाकून पेन उचललं. "कुठे करायची सही, डेलबर्ट?"

"कुठेच नाही," अर्डिस म्हणाली. तिनं त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. "फाड ते कागद. नवा अर्ज कर, माझ्या एकटीच्या नावानं. ठसे माझे, फोटो माझा."

"अर्डिस, विचार कर," डेलबर्ट म्हणाला. "मग तू शेजारी नसताना यानं त्याला हात लावला तर गुन्हा होईल. कोयोटांवर जाताना दर वेळी तुला पहाटे उठून याच्याबरोबर जावं लागेल."

"उठेन की."

"थंडी असते गं बाहेर," लेलँड चाचरत म्हणाला.

"मी घालीन कोट."

मंजुरीला त्या काळी महिनोन्महिने लागत. अर्डिस अधूनमधून डेलबर्टकडे जाऊन तिजोरीतली आपली वस्तू बघून येई. लेलँड तोवर शवपेट्यांच्या दालनात टोपी मांडीवर घेऊन बसे. घरी तो रोज माफी मागे. ती रोज म्हणे, "ऐकू आलं," आणि कामाला लागे. मागच्या अंगणात पत्र्याचे डबे ओळीनं मांडून तिनं नेम धरायला सुरुवात केली. डबे पडत गेले, तसतसा लेलँड जास्तच मनापासून माफी मागू लागला.

पुढच्या वसंतात मंजुरी आली आणि पहिलीच गाय वेताला आली. पहाटे दोघं कुंपणापाशी ट्रकमध्ये बसली, बंदूक तिच्या मांडीवर, कॉफीचा थर्मास त्याच्या. धुक्यातून आधी दोन डोळे आले, मग कोयोट आला. अर्डिसनं खिडकीतून नळी बाहेर काढली. जाड पुस्तक एकदम मिटावं तसा आवाज झाला, आणि कोयोट जिथे होता तिथेच आडवा झाला. गाईनं मानसुद्धा वळवली नाही. शेजारच्या शेतातलं कुत्रं भुंकलं नाही. धुकं जसं होतं तसंच राहिलं.

अर्डिसनं बंदूक आत घेतली, नवऱ्याकडे वळून त्याच्या कोटाची कॉलर प्रेमानं नीट केली आणि म्हणाली, "बघितलंस? कुणाला पत्तासुद्धा लागला नाही."

त्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर, कुणी न सांगता, लेलँडनं सगळी भांडी घासली.