सात पाण्यांचा भात

बारकूआप्पा कोणालाही नमस्कार करत नाहीत. माणूस समोर आला, की दोन्ही हात कमरेवर ठेवून खणखणीत आवाजात विचारतात, "थमिन सा पी बी ला?" नवा माणूस दचकतोच. नव्या ग्रामसेवकांना तर वाटलं, म्हातारा शिवी देतोय. मग आप्पा समजावतात, "बर्मी हाय ते. भात जेवलास का, असं इचारलं." समोरचा चुकून 'नाही' म्हणाला, तर त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

मी सापगावात त्यांच्या शेजारी राहते. ओटीवर मशीन टाकून ब्लाउज शिवते, त्यामुळे त्यांच्या अंगणातलं सगळं मला बसल्या जागी दिसतं.

आप्पा भातगिरण्यांचे मेकॅनिक. शहापूर-मुरबाडकडच्या कितीतरी गिरण्या त्यांनी कानाने दुरुस्त केल्यात. नुसता आवाज ऐकून कुठला पट्टा सैल आहे ते सांगतात. बारा वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने बर्मात गिरणीच्या मशिनी पाठवल्या आणि त्या बसवायला आप्पांना. तीन महिन्यांसाठी गेलेला माणूस अडीच वर्षांनी परतला. हातात एक पिशवी आणि डोक्यात एक भात. त्यांची बायको सुमनकाकू अजून सांगते, "लोक परदेशातून घड्याळं आणतात. आमच्या ह्यांनी भात आणला. तोही भात पिकवणाऱ्या सापगावात!"

मॉलमीनजवळ साल्वीन नदीच्या काठी एका म्हाताऱ्या विधवेकडे ते राहत होते. "नाव काय इचारलं, तर बोलते, 'म्या.' म्हटलं हां गो, तूच, पन नाव काय? परत 'म्या'च! दोन दिस हेच चाललेलं." शेवटी गिरणीतल्या एका कामगाराने उलगडा केला, की म्हातारीचं नावच म्या आहे, आणि मोठ्या बाईला मान म्हणून आधी 'डो' लावायचं. तेव्हापासून डो म्या.

तो भात तिचा. चैत्रात, तिकडच्या नव्या वर्षाला करायचा. अख्ख्या दाण्याचा तांदूळ सात पाण्यांनी धुवायचा. आप्पा मोठ्याने मोजतात, आणि पाचव्या पाण्याला कोणी हाक मारली तर पुन्हा एकपासून सुरू. काकू आतून विचारते, "तांदूळ धुताय का पाप?" चूल घराबाहेर, अंगणात. मुरबाडकडच्या ठाकूरवाडीतून मधाच्या पोळ्याचं मेण येतं, त्याची मेणबत्ती करून वाटीत पेटवायची, ती पाण्याच्या मडक्यात तरंगत सोडायची आणि वर झाकण ठेवायचं. ज्योत विझते, धूर पाण्यात उतरतो. त्या गार पाण्यात भात सोडायचा. सोबत सुकवलेली मरळ तळून आणि कैरी किसून.

पहिल्या वर्षी गावाने नाक मुरडलं. "लाइट गेल्यावर मेणबत्तीवर शिजवलास काय रे?" असंही कोणीतरी बोललं. आमच्या घरचा वाटा कोंबड्यांनी खाल्ला, हे मी आज कबूल करते. पण चैत्रातल्या रणरणत्या दुपारी त्या गार, धुरकट भाताचा घोटच घ्यायला हवा. तिसऱ्या वर्षी लोक आपणहून वाटी घेऊन आले.

वाटी मात्र लगेच भरत नाही. आप्पांचं ब्रीद ठरलेलं, "नदी कळल्याबिगर भात कळत नाय." मग ऐकावं लागतं. साल्वीनचा पलीकडचा काठ दिसत नाही. पावसाळ्यात ती घरात येते, जाताना शेतात गाळ ठेवून जाते. उन्हाळ्यात लोक मासे सुकवतात, अगदी आपल्या भातसा नदीकाठी सुकवतात तसे. "तिथली मरळ नि आपली मरळ, सख्ख्या भैनी!" पहिलं मडकं देवाचं, मग मठातल्या भिक्षूंचं, मग म्हाताऱ्यांचं, शेजाऱ्यांचं. शिजवणारा सर्वांत शेवटी. मला वाटायचं, आप्पांना गोष्टी सांगायची हौस आहे, एवढंच.

यंदा भाद्रपदात एका दुपारी ते माझ्या ओटीवर येऊन बसले आणि वेगळंच बोलू लागले.

"आय गेली तवा मी तिथंच व्हतो गो. खबर आली तवर इथं सगळं उरकलेलं. दोन दिस नदीवर बसून ऱ्हायलो. जेवलो नाय. डो म्याला काय सांगू? भाषा येत नव्हती. कुनीतरी तिला सांगितलं असंल. तिसऱ्या दिवशी बघतो तर अंगनात चूल. मोसम नाय, सण नाय, नि म्हातारी तांदूळ धुतेय. कैरी नव्हती तर चिंच घातलीन. मडकी भरली, माज्या हातात दिली, नि मठात, शेजारच्या घरोघर मला घिऊन फिरली. माज्या आयसाठी."

मशीन कधी थांबलं ते मला कळलंच नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत गिरणीतल्या त्या कामगाराच्या फोनवरून डो म्याची खुशाली कळायची. मग तिकडे लढायांची गडबड सुरू झाली आणि फोन लागेनासा झाला. हे मला ठाऊक होतं. पितृपक्ष चालू होता, म्हणून मी चांगल्याच मनाने म्हटलं, "आप्पा, तिच्या नावानं कावळ्याला एक वाडी ठेवा की."

आप्पा ताडकन उठले. "वाडी मेलेल्याला ठेवतात गो!" म्हणाले आणि निघून गेले. दोन दिवस माझ्या ओटीसमोरून मान फिरवून जात होते.

तिसऱ्या दिवशी आले ते हातात बारीक फुलांचं सुती कापड घेऊन. सोबत एक मळकट दोरा, त्याला ठिकठिकाणी गाठी. "निघताना डो म्याचं माप घेतलेलं. इंडियाचा झंपर पाठवतो बोललेलो. ऱ्हाऊनच गेलं. शीव."

मी मशीनवरचं काम बाजूला ठेवलं. कापड अंथरलं, दोरा लावला, गाठीगाठीवर खडूने खुणा केल्या. आप्पा वाकून बघत होते. मी कात्री उचलली तसा त्यांनी माझा हात धरला.

"थांब. ह्ये जुनं माप हाय गो," ते हळूच म्हणाले. "दोन बोटं आत घे. आता अंगानं उतरली असंल ती."

मी खडू पुसला आणि दोन बोटं आत नवी रेघ मारली.