केसरीनाथांच्या पाठीवरचा नाच

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यावरची पट्टी निघाली, तेव्हा हौसाबाईंनी सगळ्यात आधी नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ निरखून म्हणाल्या, "अवो, तुमी आजारी हाव का?"

केसरीनाथ आजारी नव्हते. एकसष्ट वर्षांचे होते, एवढंच. पण सहा वर्षं धुक्यातून बघणाऱ्या बायकोला डोळे मिळावेत आणि तिने पहिल्यांदा हे ध्यान बघावं, हे त्यांच्या मनाला लागलं. हिला काहीतरी सुंदर दाखवायचंच, असं त्यांनी ठरवलं. (त्यांच्या पूर्णा गावात बघायला नुसती गोदामं. पत्र्यांचे रंग तेवढे निरनिराळे.)

महिन्याभराने डॉक्टरांनी हिंडाफिरायला सांगितलं, तशी सुनेने, करिष्माने, मोबाईलवर तीन ठिकाणं शोधून दिली. "तिन्ही आर्ट गॅलऱ्या आहेत, बाबा. एका दिवसात होतील."

शनिवारी दोघं नटूनथटून निघाले, तर शेजारच्या सीताबाईंनी अडवलं. "कुठं निघाली जोडी?"

"गॅलरी बघायला."

"गॅलरी? तुमच्या घराला चार हायत की! त्या बघून झाल्या का?"

पहिली गॅलरी निघाली फ्रेमचं दुकान. मालक एकच विचारत होता, "चाचा, दीवार कितने बाय कितने की है?" हौसाबाईंनी पळत्या घोड्यांचं चित्र नाक लावून पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "सात घोडे, पाय सव्वीस."

दुसरी गॅलरी एका बंद पडलेल्या लूमच्या कारखान्यात होती. आत छतापासून जमिनीपर्यंत लाल-पांढऱ्या सुताचा हा एवढा गुंता लटकत होता. केसरीनाथांनी तरुणपणी वीस वर्षं लूम चालवलेला. त्यांचा जीव कळवळला.

"कुणी केली ही वाट?" म्हणत त्यांनी एक टोक पकडलं.

"इथं गाठ हाय बघा," हौसाबाई म्हणाल्या.

"तुला दिसली?"

"समदं दिसतंय आता."

मग काय! डोक्याला डोकं लावून दोघं सूत सोडवत बसले. असं एकत्र काम करून किती वर्षं झाली होती, तेही आठवेना. अर्धा गुंता सुटला तेव्हा गॅलरीतली एक मुलगी धावत आली. वैशाली तिचं नाव. "काका! ती कलाकृती आहे!"

"हो, पण गुंतली होती."

"ती गुंतलेलीच आहे!"

(बाजूला पाटी होती, 'संसार'.)

मग वैशाली सांगेल तसा, दोघांनी तासभर खपून तो संसार पुन्हा गुंतवून दिला.

तिसऱ्या ठिकाणी गेरूने सारवलेली भिंत होती. गणेशपुरीकडच्या पाड्यावरून आलेली सोनी बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाची चित्रं काढत होती. तारपा वाजवणारा एक आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून नाचणाऱ्या माणसांचा फेर. हौसाबाई बघतच राहिल्या. एके काळी भावकीतल्या प्रत्येक लग्नात भिंतीवर पिठाने काढायचा चौक त्यांच्या हातचा असायचा. मग एका लग्नात रेघ वाकडी गेली आणि कुणीतरी हातातली वाटी हळूच काढून घेतली. त्यानंतर त्यांनी पिठाला बोट लावलं नव्हतं.

बायकोचा चेहरा असा उजळलेला बघून केसरीनाथांनी मोबाईल काढला. "अशीच उभी राहा." एक पाऊल मागे. अजून एक. "जरा हस की." अजून एक. आणि पाठीला गार लागलं.

फेरातली पाच ओली माणसं भिंतीवरून उठून त्यांच्या निळ्या शर्टावर नाचायला आली होती.

केसरीनाथांनी हात जोडले. "बाई, माफ कर. समदा नाच मोडला मी."

सोनीने मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग हौसाबाईंकडे. त्यांचं बोट नकळत हवेत रेघा ओढत होतं.

"आजी, तुमी काढता का?"

"मी? न्हाय गो. माझी रेघ हलते."

"नाचणारी माणसं हायत. हलायचीच."

हौसाबाईंनी काडी घेतली. केसरीनाथांनी वाटी धरली आणि श्वासही धरला. पहिली रेघ सरळ उतरली. मग एक माणूस. दुसरा. चौथा झाला तेव्हा त्यांनी पदराने डोळे टिपले.

"पानी येतंय. डाक्टर बोलले होते, येल म्हणून."

डॉक्टर असं काही बोलल्याचं केसरीनाथांना आठवत नव्हतं. त्यांनी वाटी जरा जवळ धरली.

पाचव्या माणसाच्या वेळी हौसाबाईंनी वळून नवऱ्याला एकदा नीट पाहिलं आणि माणसाच्या मधोमध, पोटाच्या जागी, एक टम्म गोल काढला.

"आजी," सोनी हसली, "आमच्या चित्रात कंबर बारीक असते. दोन त्रिकोण."

"ह्यांची न्हाय, त्याला मी काय करू?"

केसरीनाथांना काय वाटलं ते सांगता येणार नाही. एवढ्या मोठ्या फेरात बायकोने आपल्याला घेतलं! ते भिंतीशेजारी छाती काढून उभे राहिले, कुणी विचारलंच तर सांगायला.

तेवढ्यात एक बाई शाळेची पोरं घेऊन आल्या. काठीने एकेक आकृती दाखवत त्या गोलापाशी थांबल्या.

"आणि हा बघा भोपळा. म्हणजे यंदा पीक चांगलं आलंय."

केसरीनाथ तोंड उघडणार, तोवर तीस पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं.