खडी कुणी झाडली?

"बुटाच्या ठशावरून मी माणसाच्या पोटाचा घेर सांगतो," आरशासमोर मफलर गुंडाळत ऑयगन प्फ्लायडरर म्हणाला. "खोकल्यावरून आडनाव सांगतो. श्टुटगार्टच्या पोलिसांनी मला वेळीच ओळखलं असतं ना, तर तिथले तुरुंग अपुरे पडले असते. आता माझा चष्मा कुणी चोरला, तेवढं शोधू दे."

"कपाळावर आहे," इर्मगार्ड म्हणाली.

ऑयगनने जन्मभर विमा कंपनीत कागद लावले होते. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःला गुप्तहेर नेमलं आणि बायकोला, इर्मगार्डला, मदतनीस. बायकोला विचारायचं मात्र राहूनच गेलं.

या खेपेला प्रकरण घरातलंच होतं. घरमालक शॉयफेले तळमजल्यावर राहत. मंगळवारी सकाळी न्याहारीचे ब्रेट्झेल पाव आणायला निघाले, ते दारातल्या दगडी पायरीवरून घसरले आणि मनगट मोडून बसले. झाडलोटीच्या आठवड्याची पाटी तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या ब्रांकाच्या दारावर होती. पाटी ज्याच्या दारावर, त्याने त्या आठवड्यात जिना पुसायचा, हिवाळ्यात बर्फ काढायचा, कुणी घसरू नये म्हणून पायरीवर खडी टाकायची. भाडेकरारात तसं लिहिलेलंच असतं. म्हणजे कुणी पडलं, की मान अडकते पाटीवाल्याची.

"मी खडी टाकली होती हो! मूठ मूठ टाकली!" वृद्धाश्रमात परिचारिका असलेली ब्रांका रडत सांगत होती.

"एक दाणा नव्हता!" प्लास्टरातला हात नाचवत शॉयफेले ओरडले. "नुसता काचेसारखा बर्फ. वकील म्हणतो जबाबदारी हिचीच. महिनाअखेर घर खाली करा."

तिसऱ्या मजल्यावर ब्रांकाची आई अंथरुणाला खिळलेली. हे घर मिळवायला पोरीने किती उंबरे झिजवले होते, ते इर्मगार्डला ठाऊक होतं. ऑयगनच्या मात्र अंगात आलं.

"खडीचोर!" तो म्हणाला. "समोरच्या घराने आपली खडी पळवली."

समोरच्या घरात खडीचं भलंमोठं पिंप काठोकाठ भरलेलं निघालं. वर तिथल्या बाईंनी ऑयगनला पिंपात वाकलेला पाहून, घ्यायची असेल तर मागून घ्या, असं सुनावलं.

"मग पोस्टमन," तो परत येऊन म्हणाला. "पार्सलं ओढून ओढून पायरी घासली. बुटांना चिकटलेली खडी लपवायला घाईत चालतो तो."

"थंडी आहे म्हणून घाईत चालतो, ऑयगन. आणि मंगळवारी तो आलाच नव्हता."

"हेच तर संशयास्पद!"

तिसऱ्या दिवशी त्याने आपला हुकमी एक्का काढला. घटनास्थळावरून खरवडलेला बर्फ त्याने फ्रीझरमध्ये वाटाण्यांच्या शेजारी जपला होता. सगळ्यांना जिन्यात गोळा करून, शॉयफेल्यांना खुर्चीत बसवून त्याने त्यातला एक तुकडा तोंडात टाकला. चेहरा वाकडा झाला.

"साबण!" तो गरजला. "आभाळातून साबण पडत नाही. कुणीतरी ही पायरी धुतली, आणि धुतलेलं पाणी गोठलं. आता धुण्याचा आठवडा कुणाचा? ब्रांकाबाई, तुमचाच!"

"मी नाही धुतली," ब्रांका कशीबशी म्हणाली.

"पाहा! कबुली! पाटी दारावर, आणि पायरी धुतली नाही म्हणे!" शॉयफेले म्हणाले.

ब्रांकाचा चेहरा पांढराफटक पडला. इर्मगार्ड मसूर ढवळायचे सोडून आली होती, हातात डाव तसाच. एरवी नवऱ्याचे असले तर्क ती एका कानाने ऐके. पण आज एका पोरीच्या डोक्यावरचं छप्पर जात होतं, आणि तेही या येड्याच्या जिभेच्या चवीवर! तिला भयंकर राग आला.

इर्मगार्डने तीस वर्षं या शॉयफेल्यांच्या घरात काढली होती; पायरीच्या टापटिपीवर त्यांचा किती जीव, ते तिला माहीत होतं. ती त्यांच्याकडे वळली आणि अगदी सहज म्हणाली, "धुतली कसली? मंगळवारी पहाटे मी खिडकीतून पाहिली. काय ती पायरी! सगळी खडीने बरबटलेली. येणारेजाणारे बघत होते. मला मेलीला लाज वाटली."

"बरबटलेली?" शॉयफेल्यांचे कान लाल झाले.

"उकिरडा नुसता."

"माझी पायरी? उकिरडा?" शॉयफेले खुर्चीतून ताडकन उठले. "तोंड सांभाळून बोला! ती खडी उजाडायच्या आत मी स्वतः झाडली! वर कढत पाणी घेतलं, साबण घेतला आणि गुडघ्यांवर बसून घासली! या घराची पायरी माझ्या आईच्या वेळेपासून..."

ते थांबले. बाहेरचं तापमान शून्याच्या खाली होतं आणि त्या कढत पाण्याचं पुढे काय झालं, हे सगळ्यांना एकदमच कळलं. शॉयफेल्यांना जरा उशिरा.

"हेच मी म्हणत होतो," ऑयगन म्हणाला.

"तू गप्प बस," इर्मगार्ड म्हणाली.

शॉयफेले हळूच खाली बसले. घर खाली करायचं नाही, वकिलाला तसं कळवतो, असं ते प्लास्टरकडे बघत पुटपुटले. ब्रांका जिन्याचा कठडा धरून उभी होती.

"पण ब्रांकाबाई," शॉयफेल्यांनी केविलवाण्या आवाजात विचारलं, "स्वच्छ होती ना हो पायरी?"

ब्रांकाने डोळे पुसले.

"एक डाग नव्हता," ती म्हणाली.