टरफलं फक्त हवीत

एका जंगलात, मुलांनो, बाजारातून काहीही आणायचं नाही असं ठरलं होतं. पैसे नव्हते म्हणून नव्हे. पैसे होते. पण पैसे असून खर्च न करण्यात जी ऐट असते, ती तुम्हाला आत्ता कळायची नाही. मागच्यांनी खुसखुस थांबवा.

तर या जंगलात 'घरच्या घरी मंडळ' होतं. दर सोमवारी जांभळीखाली सभा भरायची. अध्यक्ष होत्या विमलबाई मुंगूस. त्या उपाय सांगायच्या. करपलेल्या भांड्याला राख आणि लिंबाची साल. धान्यातल्या किड्यांना कडुनिंबाचा पाला. मुंग्यांना हळद. मग सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "विष नाही, खर्च नाही, घरातच सापडतं!" आणि टाळ्या.

गोदी कोंबडी पहिल्या रांगेत बसायची. तिचा या उपायांवर फार विश्वास. राखेने भांडी घासून घासून तिची चोच झिजली होती, पण भांडी कशी लखलखायची!

एका सोमवारी विमलबाई म्हणाल्या, "माझ्याकडे पाली फार झाल्यात. उपाय सोपा आहे. अंड्याची टरफलं दाराला टांगायची. पाल फिरकत नाही."

"विष नाही, खर्च नाही," सगळ्या म्हणाल्या. आणि "घरातच सापडतं" म्हणताना सगळ्यांनी गोदीकडे पाहिलं. गोदीनेही टाळ्या वाजवल्या. घरी पोचल्यावर मात्र ती आधी घरट्याकडे धावली. घरट्यात तिची चार अंडी होती.

दुसऱ्या दिवशी विमलबाई पिशवी घेऊन दारात हजर.

"थोडे दिवस थांबा ना," गोदी म्हणाली. "पिल्लं बाहेर आली की सगळी टरफलं तुम्हालाच."

"फुटकी टरफलं घेऊन काय करू, गोदाताई? अख्खी हवीत. एक बारीक भोक पाडायचं. आतलं मी ओढून घेते. मला सवय आहे."

"अहो, आत माझी पोरं आहेत!"

"पोरं कुठे मागतेय मी? टरफलं फक्त हवीत," विमलबाई समजुतीने म्हणाल्या. "असं करा, सोमवारी सभेतच घेऊन या. सगळ्यांसमोर करून दाखवू."

गोदी खूप रडली. अंड्यांना पोटाशी धरून रडली. मग तिला राग आला. कोंबडीला राग आला की ती मान तिरकी करून विचार करते. तुम्ही कधी नीट पाहिलंच नसेल.

सोमवारी ती सभेला आली. रिकाम्या हाताने.

"हे काय?" कोल्हीणवहिनी म्हणाल्या. "मग विमलबाईंनी काय विषाचा फवारा मारायचा? शेजारीच तुमचं घरटं. तुमच्याच पिल्लांच्या नाकात जाईल हं!"

"खरंच की," सगळ्या म्हणाल्या. सगळ्यांना पिल्लांची काळजी वाटत होती.

"देते ना," गोदी म्हणाली. "पण आधी माझा एक उपाय ऐका. जळमटांवरचा."

नवा उपाय म्हटल्यावर सगळ्या सावरून बसल्या. जळमटं कोणाकडे नव्हती?

"मुंगसाच्या केसांचा कुंचा करायचा. केस बारीक आणि चिवट. एका फटक्यात जाळं साफ. विष नाही, खर्च नाही..."

"आणि घरातच सापडतं," कोल्हीणवहिनी हळूच म्हणाल्या.

सगळ्यांनी विमलबाईंकडे पाहिलं. विशेषतः शेपटीकडे.

"काहीतरीच काय!" विमलबाई दचकून म्हणाल्या. "अहो, ते माझ्या अंगावर आहेत!"

"तुम्हाला कोण मागतंय?" गोदी म्हणाली. "केस फक्त हवेत."

विमलबाईंनी शेपटी पोटाखाली घेतली. मग घसा साफ केला. "पालींबद्दल मी पुन्हा विचार केला," त्या म्हणाल्या. "पाली असाव्यात घरात. डास खातात बिचाऱ्या. टरफलांचा विषय संपला. सभाही संपली."

गोदी धावत घरी गेली आणि अंड्यांवर बसली ती उठलीच नाही. चारही पिल्लं सुखरूप बाहेर आली. तुम्हालाही बरं वाटलं ना? मलाही वाटलं.

त्यानंतरच्या सोमवारी विमलबाई सभेला शाल गुंडाळून आल्या. वैशाखात. गळ्यापासून शेपटीपर्यंत. कोल्हीणवहिनींनी एक नवा कुंचा आणला होता, तो सगळ्यांच्या हातांतून फिरत होता. सगळ्या वाखाणत होत्या.

फिरत फिरत तो गोदीकडे आला. केस अजून उबदार वाटत होते. गोदीला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाईट वाटलं.

मग ती कोल्हीणवहिनींच्या कानाशी लागली. "दोन दिवस नेऊ का हो? पिल्लांच्या गडबडीत घराच्या कोपऱ्यांकडे बघायलाच झालं नाही."

तात्पर्य: मुलांनो, या जगात टाकाऊ असं काहीच नसतं. मात्र ते शेजाऱ्याच्या अंगावर आहे ना, एवढं आधी बघून घ्यावं. असलं, की सभेला वेळेवर जावं आणि उपाय आपणच आधी सांगावा.