डॉक्टरच्या हातचा मध

शास्त्राचा मान राखणे आणि शास्त्राचे ऐकणे ही दोन स्वतंत्र खाती असून, सुसंस्कृत घरात ती एकमेकांच्या कारभारात ढवळाढवळ करत नाहीत. गोडदेवच्या शालूकाकूंचे घर या बाबतीत आदर्शच.

काकूंची पुतणी डॉ. समिधा. पोटातल्या आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या आरोग्यावरचा तिचा शोधनिबंध परदेशात छापून आला, तेव्हा काकूंनी सोसायटीच्या गेटवर बॅनर लावला. (समिधाचा फोटो लहान, शुभेच्छुकांचे मोठे.) निबंध नातेवाइकांनी व्हॉट्सअॅपवर शंभर टक्के पुढे पाठवला. उघडला शून्य टक्के. त्यात एवढेच होते, की तान्ह्या बाळाला आईचे दूध पुरे. मध तर वर्षभर नकोच, कारण त्यातून होणाऱ्या विषबाधेने बाळ लुळे पडते, प्रसंगी श्वास थांबतो.

त्यानंतर काकूंच्या सुनेला, संजनाला, मुलगा झाला.

आता, पहिला मध जो चाटवतो त्याचा गुण बाळाला लागतो, हे सर्वमान्य आहे. काकूंच्या मुलाला, निकेतला, त्याच्या मामाने चाटवला होता. मामा बारावीला तीनदा बसला, निकेत दोनदा. (प्रगती आहे.) नातवाच्या बाबतीत मात्र काकू धोका पत्करणार नव्हत्या. उमेदवार शिकलेला हवा, निर्व्यसनी हवा, छापून आलेला हवा. छाननीत एकच नाव उरले.

"काकू, अगं मध द्यायचा नाही, हेच तर लिहिलंय मी," समिधा म्हणाली.

"म्हणून तर तुझ्या हातचा पायजे. मधाचा एवढा अभ्यास आपल्यात दुसऱ्या कोणाचा झालाय?"

"त्याचा श्वास बंद पडू शकतो."

"लांज्याहून आलाय गं, घरचा. दुकानातला असता तर मीच नको म्हटलं असतं. त्याला गुण नसतो."

सोन्याची अंगठी धुऊन झाली. बाळाला आणायला कोणीतरी आत गेले. समिधाने मधाच्या बाटलीकडे पाहिले.

"काकू, मला कोणी चाटवला होता?"

काकू अंगठी पुन्हा पुसू लागल्या. मुलगी झाली म्हटल्यावर तेव्हा कोणी तसदी घेतली नव्हती. समिधा नुसत्या आईच्या दुधावर डॉक्टर झाली होती. दुसऱ्या एखाद्या घरात विषय इथेच मिटला असता.

"बघ," जमलेल्या नातेवाइकांतले धर्माकाका म्हणाले, "म्हणून हिचा मधावर राग."

सगळ्यांना पटले. काकूंचे डोळे भरून आले. झाला अन्याय आजच दूर करायचा ठरले: आधी समिधा, मग बाळ.

"बोटभराने नाही भागायचं," समिधा म्हणाली. "पस्तीस वर्षांचं राहिलंय." तिने चमचा मागवला आणि सगळ्यांसमक्ष अख्खी बाटली संपवली. तळही पुसून घेतला. काकू पाठीवरून हात फिरवत राहिल्या. आत संजनाने बाळाला पाजून निजवले.

बाटली उलटी करून पाहिल्यावर धर्माकाका हिरमुसले. "उगाच भीती घालतात हे लोक. आपल्या सगळ्यांना चाटवलाय. कोणाला काय झालं? ज्यांना काय झालं नाय, त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले. ज्यांना झाले होते, ते आलेच नव्हते.

वाचकांनीही करून पाहायला हरकत नाही. हात वर गेला, तर आपण हजर आहात, एवढे सिद्ध होईल.