बुवा बसले, मंडळी उभी

"राष्ट्रगीत लागलं की तुम्हाला आतूनच उभं राहावंसं वाटतं, की शेजारचा उभा राहिला म्हणून?"

हा प्रश्न सुलेखाने विचारला नसता, तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण टेपरेकॉर्डरचं तांबडं बटण दाबलेलं होतं, समोर मंडळाची कार्यकारिणी बसलेली होती आणि पोहे संपायला अजून अवकाश होता. सुलेखाने विचारलं.

नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या बाईला नोकरी करता येत नाही, शिकता मात्र येतं. सिएटलजवळच्या बॉथेलला आल्यावर सुलेखाने चार वर्षं पाऊस पाहिला आणि मग तिथल्या विद्यापीठात नाव घातलं. विषय मिळाला 'दक्षिण आशियातल्या राष्ट्रकल्पना'. माणसं एकमेकांना आपलं कधी म्हणायला लागतात आणि कधी थांबतात, असा काहीसा तो अभ्यास. प्रबंधासाठी माणसं दूर शोधायला नकोत म्हणून तिने मराठी मंडळच धरलं. दोन हजार सात सालचा जानेवारी होता, सव्वीस तारखेचा कार्यक्रम शनिवारी ठेवायचा होता, आणि त्याची सभा तिच्याच घरी भरली होती.

"मी तर दोन्हींना उभी राहते," सुमित्राकाकू म्हणाल्या. काकूंना इथे येऊन तीस वर्षं झाली होती. येताना त्यांनी मांडीवर घेऊन आणलेली हार्मोनियम अजून सुरात होती. "पण मंडळात वाजतं एकच. मी इथली सिटिझन आहे. माझी मुलं इथली. कधी कोणी विचारलंत?"

अध्यक्ष शैलेंद्रकाका नागपूरचे. त्यांनी बशी खाली ठेवली. "पण वहिनी, आपण दिवस कोणाचा साजरा करून राहिलो?"

"हॉल कोणाच्या देशात आहे?"

"बरं, लावू दोन्ही," सुलेखाचा नवरा श्रीरंग घाईने म्हणाला. तो मंडळाचा सचिव होता आणि त्याला सभा लवकर संपवून मॅच बघायची होती. "पाहुण्यांचं आधी लावू, मग आपलं."

"पाहुणे कोण?" काकूंनी विचारलं. "आपण की ते?"

टेप फिरत राहिली.

मग वाटेला लागलेलं पाणी थांबतंय कुठे? महाराष्ट्राचं एक गीत हवंच, असं ठरलं. "मग विदर्भाचंही घ्या," शैलेंद्रकाका म्हणाले. श्रीरंग वैतागून म्हणाला, "आपल्या या वॉशिंग्टन स्टेटचंही घालू या की!" हा विनोद होता. पण कोणी हसलं नाही आणि ते लिहून घेतलं गेलं. शैलेंद्रकाकांची सात वर्षांची नात आन्या टेबलाखालून म्हणाली, "माय स्कूल हॅज अ साँग टू." तेही लिहून घेतलं, कारण लेकरू नाराज व्हायला नको.

या सगळ्यात कार्यक्रमाची मुख्य गोष्ट आपोआप बारीक होत गेली. ती म्हणजे सुलेखाच्या वडिलांचं, आप्पांचं, म्हणजे मोरेश्वरबुवांचं राष्ट्रीय कीर्तन. आधी ते दोन तासांचं होतं, मग दीड तासाचं झालं, आणि पोहे संपेपर्यंत पन्नास मिनिटांवर आलं.

"पन्नास मिनिटं पुष्कळ," आप्पा कोपऱ्यातून म्हणाले. "देवाला काय, दोन ओळीसुद्धा पोचतात."

सुलेखाने टेप बंद केली.

आप्पा मूळचे संगमनेरचे. शाळेत इतिहास शिकवला आणि चाळीस वर्षं गावोगाव उभं राहून कीर्तनं केली. पूर्वरंगात देव, उत्तररंगात देश. आई होती तोवर साथीला पेटी तिचीच. ती गेल्यावर आप्पांनी चिपळ्या गुंडाळून ठेवल्या होत्या, त्या इथे येताना मात्र बॅगेत घातल्या. का घातल्या, हे सुलेखाला डिसेंबरात कळलं. एका दुपारी खिडकीबाहेर बॉथेलचा सूर्य पाहुण्यासारखा दारातूनच परत गेला आणि आप्पा सहज सांगावं तसं म्हणाले, "घशात गाठ आहे गं सुलू. फेब्रुवारीत परत गेल्या गेल्या ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, जीव राहील. आवाजाचं सांगता येत नाही."

तिला रडूही आलं नाही. आप्पांनी तिला खडीसाखर दिली आणि स्वतःही एक खडा गालात धरला. "एक कीर्तन करून घ्या म्हणाले. फार ताणू नका म्हणाले. तेवढं इथं करतो, तुझ्यासमोर. आणि हे कोणाला सांगायचं नाही. जावयालासुद्धा नाही. कीव करत बसलेला श्रोता मला नको. पाठ फिरवून गेला तरी चालेल."

तिने शब्द दिला. आता सभेत सगळ्यांची गीतं एकेक करत त्या कीर्तनावर बसत होती, आणि ती तोंड उघडू शकत नव्हती. त्यात हे सगळं सुरू केलं कोणी, तर तिने.

शनिवारी दुपारी पाऊस पडतच होता. त्या गावात पाऊस पडत नाही, तो राहायलाच असतो. एका चर्चचा तळमजल्यावरचा हॉल सात वाजेपर्यंत घेतला होता. भांडी घासायची असतात म्हणून शेजारचं स्वयंपाकघर आठपर्यंत होतं. मसालेभात, अळूची भाजी, पुऱ्या सगळं आलं. श्रीखंड श्रीरंगच्या निळ्या कूलरच्या खोक्यात बर्फावर ठेवलं होतं. जेवण कीर्तनानंतर, असा बुवांचा नेम. सुलेखाच्या प्रोफेसर हॅन्सनबाईही आल्या. उंच, ओल्या रेनकोटातल्या, हातात स्वतःचा रेकॉर्डर. राष्ट्र आणि भक्ती एकाच गळ्यातून ऐकायला मिळणार म्हणून त्या फार खुशीत होत्या.

आप्पा पगडी, उपरणं घालून खुर्चीवर बसले. गालात खडीसाखर.

श्रीरंगने गीतांची सीडी घातली. हॉलमधल्या यंत्राने ती थोडा वेळ फिरवली आणि बाहेर टाकली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर.

"घरी तर चालली यार," श्रीरंग म्हणाला.

"सीडी काहून पाहिजे?" शैलेंद्रकाकांनी हात पसरले. "इथे साक्षात बुवा बसले आहेत! बुवा, तुम्ही सुरू करा, आम्ही मागून म्हणतो."

सुलेखा पुढे झाली. "काका, आप्पांना नंतर कीर्तन आहे. आवाज..."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. तिने वाक्य गिळलं.

"आवाजाचं काय? खणखणीत तर आहे!" काका म्हणाले.

अमेरिकेचं राष्ट्रगीत सुमित्राकाकूंनी पेटीवर धरलं. सगळे उभे राहिले. त्या गीताचा मधला भाग असा काही वर चढतो, की अमेरिकेत जन्मलेली माणसंही तिथे ओठ नुसते हलवतात. मराठी मंडळही तिथे गप्प झालं. पेटी मात्र वाजत राहिली, आणि सूर उघड्यावर पडलेला पाहणं आप्पांच्या स्वभावात नव्हतं. शब्द येत नसताना त्यांनी नुसत्या आकारात ती वरची जागा घेतली आणि शेवटपर्यंत नेली. हॅन्सनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सुलेखाच्याही आलं, पण वेगळ्या कारणाने.

मग भारताचं झालं. झाल्यावर शैलेंद्रकाका खाली बसेचनात.

"आपलं थोडं दबकं झालं, नाही? त्यांचं कसं कळसाला गेलं! लोक काय म्हणतील? एकदा अजून होऊ द्या बुवा, दणक्यात."

दणक्यात झालं. मग महाराष्ट्राचं. मग विदर्भाचं, जे काकांखेरीज कोणालाच येत नव्हतं आणि काकांना अर्धंच येत होतं. उरलेलं आप्पांनी सावरलं. इतक्यात हॅन्सनबाई ओशाळून पुढे आल्या. "आय ॲम सो सॉरी. माय बॅटरी. कुड वुई डू द फर्स्ट वन अगेन?"

"आता पहिलं पुन्हा घेतलं तर दुसरंही पुन्हा घ्यावं लागेल," शैलेंद्रकाका म्हणाले.

"घ्या ना! अडवलंय कोणी?" काकू म्हणाल्या. "पण पहिलं कोणतं, ते आधी ठरू दे. मला तर वाटतं..."

इथून वाद पेटला तो तासभर पेटलेलाच राहिला. सगळे उभे राहून भांडत होते, कारण मध्येच बसलं तर नेमका कोणाचा अपमान होईल ते कोणालाच नक्की माहीत नव्हतं. सुलेखा वडिलांजवळ गेली. त्यांचा हात गळ्यावर होता.

"उलटंच झालंय गं," ते हळूच म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "कीर्तनात बुवा उभा असतो आणि मंडळी बसलेली. इथं मंडळी उभी आणि बुवा बसलाय."

"आप्पा, मी सांगते त्यांना. सांगू?"

"शब्द दिलायस."

वॉशिंग्टन स्टेटचं कोणालाच येईना, आणि आन्याचं शाळेचं गाणं झालं तेव्हा हॉलचा रखवालदार दारात येऊन मनगटावर टिचक्या मारत होता. त्याच्यामागे झगे आणि बूट घातलेली म्हातारी गोरी मंडळी उभी होती. सातनंतर हॉल त्यांच्या नाचाच्या क्लबाचा होता.

शैलेंद्रकाका मनाने वाईट नव्हते. ते खरंच खजील होऊन आप्पांपुढे आले. "बुवा, चुकलंच आमचं. कीर्तन आज कॅन्सल करावं लागते. पुढच्या महिन्यात तुमचं एकट्याचंच ठेवू. पूर्ण तीन तास!"

"हो हो. ठेवा की," आप्पा म्हणाले आणि उपरण्याची घडी घालू लागले.

सुलेखा स्वयंपाकघरात गेली आणि तिने स्वच्छ पातेलं घासायला घेतलं. ती ते घासतच राहिली. विद्यापीठात तिने शिकलेले राष्ट्राबद्दलचे सगळे मोठे शब्द त्या पातेल्यात फेस होऊन फिरत होते. चाळीस वर्षांचा आवाज होता, आणि त्याचा शेवटचा तास तिने, पोटच्या पोरीने, एक प्रश्न विचारून घालवला होता.

मागून माणसं आपापले डबे न्यायला येऊ लागली. झाकणंही न उघडलेले डबे जसे आणले तसे परत चालले होते. शेजारच्या हॉलमध्ये बुटांचा ठेका सुरू झाला. धप्प धप्प, धप्प धप्प.

"कोणी जेवायचं राहिलंय का?"

सुलेखाने मागे वळून पाहिलं. आप्पा सिंकपाशी उभे होते. पगडी डोक्यावर, हातात चिपळ्या.

"आमच्या आख्यानातली बाई हे विचारते," आप्पा म्हणाले. घशातून शब्द खरवडून निघत होते. "थोडंच सांगतो. डबे हातात असू द्या."

सुलेखाने टेबलक्लॉथची घडी त्यांच्या पायाखाली घातली. सुमित्राकाकूंनी ओट्यावर पेटी उघडली. बायामाणसं डबे घेऊन जमिनीवरच टेकली. आप्पांनी पलीकडच्या बुटांकडे कान दिला, मान डोलावली आणि त्याच ठेक्यात धरलं:

"दार लोटण्याआधी बाई, उंबऱ्यात ये गं,
कोण राहिला जेवायाचा, नाव तयाचे घे गं."

गोष्ट साधी होती. बेचाळीस सालातली एक विधवा. माळ्यावर लपलेली भूमिगत पोरं, आणि दाराशी पहाऱ्याला बसवलेला शिपाई. नेमाप्रमाणे बाई रात्री उंबऱ्यात येते आणि विचारते, कोणी जेवायचं राहिलंय का? माळ्यावरची पोरं श्वास रोखून बसतात. आणि अंधारातून शिपाई म्हणतो, मी राहिलोय.

"आता बाईपुढं प्रश्न," आप्पा म्हणाले. "हा सरकारचा माणूस. आपला की परका? बाई म्हणते, अरे, भुकेला कधी..."

आणि आवाज गेला.

ओठ हलले, हात वर गेला, पण आलं काहीच नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग सगळ्यांकडे पाहून ते कसंनुसं हसले, दोन पावलं मागे सरकले आणि निळ्या कूलरवर बसले.

कोणाला काही सांगावं लागलं नाही. सुलेखाच्या चेहऱ्याकडे बघून श्रीरंगने हातातला डबा खाली ठेवला. पेटी थांबली नव्हती. पलीकडचे बूटही थांबले नव्हते. त्या पोकळीत शैलेंद्रकाकांनी तोंड उघडलं. सूर त्यांचा जन्मात कधी लागला नव्हता, आजही लागला नाही. "दार लोटण्याआधी बाई..." जमिनीवर टेकलेली बायामाणसं एकेक करत उठली. काकूंनी दुसरी ओळ उचलली, मग श्रीरंगने, मग सगळ्यांनी. आप्पा खाली मान घालून, मांडीवर बोटांनी ठेका धरून ऐकत होते.

सगळे उठले म्हणून हॅन्सनबाईही गडबडीने उभ्या राहिल्या आणि आन्याच्या कानाशी वाकल्या. "इज धिस अनदर अँथम? व्हॉट डझ इट से?"

आन्याने विचार केला. "इट्स लाइक, डिड एव्हरीबडी ईट?"

"अँड डिड दे?"

आन्याने सगळीकडे पाहिलं. "नो," ती मोठ्याने म्हणाली. "नोबडी डिड."

गाणं थांबलं. सगळ्यांनी आपापल्या हातातल्या डब्यांकडे पाहिलं.

"वाढा, वाढा," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "आधी पाहुण्यांना."

पाहुणे कोण, हे या वेळी कोणी विचारलं नाही. झाकणं निघाली. थंडगार मसालेभाताचा वास सुटला. माणसं फरशीवर दाटीवाटीने बसली, अध्यक्ष ओट्याच्या कडेला, प्रोफेसरबाई डस्टबिनशेजारी. थोड्या वेळाने श्रीरंग अवघडून आप्पांपुढे येऊन उभा राहिला.

"आप्पा, जरा... श्रीखंड तुमच्याखाली आहे."

आप्पांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, पण आवाज नव्हता. सुलेखाने हात दिला. ते उठले, झाकण काढलं, आणि तिच्या हातातला डाव घेऊन पंक्तीकडे वळले. प्रत्येकापुढे थांबून ते भुवया उंचावत होते. अजून? अजून थोडं?

कीर्तनात असावं तसं सगळं झालं होतं. मंडळी बसलेली होती आणि बुवा उभे होते.